सायकलीचा रस्ता : पुण्याचा धडा

विद्यार्थिमित्रहो, सायकल हें यंत्र तुम्हां सर्वांच्या इतक्या परिचयाचें आहे कीं, त्याविषयीं वार्षिक अंकांत कांहीं लिहावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आगगाडी, विमान, कृत्रिम उपग्रह यांवर निबंध लिहिले जातात. सायकल मात्र शाळेच्या आवारांत पत्र्याच्या छपराखालीं निमूटपणें उभी असते. परंतु ज्या वाटेनें ती येथवर येते, त्या वाटेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांत उत्साह आहे, योजना आहेत, खर्च आहे, चुका आहेत आणि पुन्हां केलेले प्रयत्नही आहेत. आपल्या शेजारच्या पुणें शहराच्या उदाहरणावरून हा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्हांस सुचण्याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे. आठव्या इयत्तेंतील एक विद्यार्थिनी वर्षारंभीं प्रार्थनेच्या घंटेपूर्वीं शाळेंत हजर असे. तिचें गांव येथून सुमारें चार किलोमीटरांवर, पौड रस्त्याच्या आंतल्या बाजूस आहे. पावसाळ्यानंतर ती उशिरां येऊं लागली. आम्हीं तिला दोनदां वर्गाबाहेर उभें केलें आणि तिसऱ्या वेळीं घरीं चिठी पाठविली. दुसऱ्या दिवशीं तिचे वडील स्वतः आले. ते शांतपणें म्हणाले, "सर, पोरीला रागावू नका. डंपरनं तिला कडेला दाबलं, सायकल चरात गेली. गुडघ्यावर निभावलं म्हणून बरं. सायकल मीच बंद केली. आता बस येईल तेव्हा ती येईल." यावर आम्हांस कांहींच बोलतां आलें नाहीं. शिक्षा आम्हीं मुलीस केली होती. दोष रस्त्याच्या कडेचा होता. त्या दिवसापासून रस्त्याच्या कडेकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों, आणि जें वाचलें व पाहिलें तें आतां तुमच्यापुढें ठेवीत आहों.

सायकलींचें शहर

महाराष्ट्रांतील उद्योगाच्या इतिहासांत सायकलीस मानाचें स्थान आहे. पुढें मोठे कारखानदार म्हणून प्रसिद्धीस आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांव येथें व्यवसायास आरंभ केला, तो सायकलींच्या दुकानापासून. त्या काळीं सायकल ही श्रीमंतांची चैन होती. ती चालवावयास शिकणें हाही एक स्वतंत्र अभ्यास असे. पुढें किंमत उतरली आणि ही पायगाडी कारकुनाची, शिक्षकाची, विद्यार्थ्याची व कामगाराची झाली.

पुणें शहर तिला विशेष मानवलें. मुठेच्या कांठचा मूळ गांव बराचसा सपाट, हवा समशीतोष्ण, अंतरें बेताचीं. पेठांतून निघालेला विद्यार्थी लकडी पूल ओलांडून थोड्याच वेळांत फर्ग्युसन महाविद्यालयांत पोहोंचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली म्हणजे रस्ता सायकलींनीं भरून जाई. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे; रात्रीं दिवा नसला किंवा कोणी 'डबलसीट' बसला, तर पोलीस हटकीत. या आठवणी तुमच्या आजोबांस विचारा. त्यांचा चेहरा खुलेल. 'सायकलींचें शहर' ही पदवी पुण्यास कोणा संस्थेनें दिलेली नव्हती. तेथील रस्त्यांनींच ती मिळविली होती. त्या काळीं सायकलीसाठीं निराळा मार्ग नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. रस्त्यावर जें बहुसंख्य असतें, त्यासच रस्ता वाट देतो.

१९६१ च्या पानशेत-पुरानंतर शहर नदीपलीकडे वेगानें पसरूं लागलें. पिंपरी-चिंचवडकडे कारखाने उभे राहिले, घर व काम यांतील अंतर वाढलें. १९७२ च्या सुमारास बजाजची 'चेतक' व कायनेटिकची 'लुना' हीं वाहनें बाजारांत आलीं. ज्या गृहस्थास आठ-दहा किलोमीटर जावयाचें होतें, त्यानें स्कूटर घेतली यांत त्याचा दोष नाहीं. पण लाखों गृहस्थांनीं तेंच केलें, तेव्हां शहराचें रूप पालटलें. २०१८ च्या मार्चअखेर पुण्यांतील नोंदलेल्या वाहनांची संख्या सुमारें ३६ लक्ष झाली आणि ती शहराच्या लोकसंख्येहूनही पुढें गेली, असें महानगरपालिकेच्या पर्यावरण-अहवालांत नमूद झालें. सायकल उरली ती वर्तमानपत्र टाकणाऱ्याकडे, पहारेकऱ्याकडे, गवंड्याकडे, आणि शाळकरी मुलाकडे. ज्यांचा आवाज सभेंत उमटत नाहीं अशांच्या हातीं एखादी वस्तु उरली, म्हणजे तिची जागाही हळूहळू आक्रसते.

निराळा मार्ग कशासाठीं?

येथें विज्ञानाच्या तासांतील एक नियम आठवावा. गतिमान वस्तूंतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सायकल ताशीं १५ किलोमीटर वेगानें जाते व मोटार ६० किलोमीटर वेगानें, असें धरूं. वेग चौपट, म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागें मोटारीची ऊर्जा सोळापट. शिवाय भरलेला डंपर हा सायकल व तीवरील मूल यांच्या शेंकडों पट जड असतो. अशा दोन वस्तूंस एकाच पट्ट्यांत, हातभर अंतरानें धांवावयास लावणें म्हणजे चूक झाल्यास तिची किंमत नेहमीं एकाच पक्षानें देण्याची व्यवस्था करणें होय. मनुष्य म्हटला कीं चूक होणारच. मूल तर दचकतें, हेलकावे खातें, दप्तराच्या ओझ्यानें कलतें. म्हणून जेथें वाहनांचा वेग कमी आहे तेथें सर्वांनीं मिळून जावें, आणि जेथें वेग अधिक आहे तेथें सायकलीस कठड्यानें किंवा उंचवट्यानें वेगळा केलेला मार्ग द्यावा, हें तत्त्व जगभर मान्य झालें आहे.

भारत सरकारनें २००६ सालीं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केलें. त्याचें सार असें कीं, रस्त्यांवरून वाहनें किती जातात यापेक्षां माणसें किती जातात हें पाहावें, आणि पायीं व सायकलीनें जाणाऱ्यांस रस्त्याचा रास्त वांटा मिळावा. वाक्य सोपें आहे. परंतु तें रस्त्यावर उतरवितांना पुण्यास काय अनुभव आला तो आतां पाहूं.

पहिला प्रयत्न

केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेंतून शहरांस पैसा मिळूं लागला. डिसेंबर २००६ मध्यें कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठीं राखीव पट्टा सुरू झाला. देशांतील या प्रकारचा तो पहिलाच प्रयोग. त्या कामाबरोबर रस्त्याच्या बाजूनें सायकलमार्गही बांधण्यांत आले. पुढें शहरांतील इतर रुंद रस्त्यांवरही असे तुकडे झाले. कागदावर किलोमीटर वाढत गेले, आणि कोणासही वाटावें कीं आतां सायकलींचे दिवस पुन्हां येणार.

परंतु सायकलस्वार त्या मार्गांवर फारसे दिसेनात. ते पूर्वींप्रमाणेंच मोटारींच्या गर्दींतून जात. लोक म्हणत, "पाहा, मार्ग बांधून दिला तरी हे वापरीत नाहींत." हा आक्षेप ऐकावयास ठीक वाटतो, पण ज्यानें त्या मार्गावरून स्वतः सायकल नेली, त्यास उत्तर ठाऊक होतें. मार्गाच्या मधोमध विजेचा खांब किंवा झाडाचा बुंधा येई. प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशीं मार्ग खालीं उतरे आणि पुन्हां वर चढे. शंभर पावलांत चार चढ-उतार झाले कीं सायकलस्वाराचा दम जाई. जोडदगडी फरशी कांहीं दिवसांनीं हालूं लागे व हँडल थरथरे. कोठें गटाराच्या झांकणाच्या फटी चाकाच्या दिशेनेंच असत, तर कोठें स्कूटरी उभ्या केलेल्या व टपऱ्या मांडलेल्या असत. सर्वांत वाईट प्रकार चौकांत होई. जेथें धोका अधिक, तेथेंच मार्ग एकाएकीं संपे आणि सायकलस्वारास मोटारींच्या प्रवाहांत सोडून देई.

मुलांनों, तुमच्या सायकलीच्या साखळीस शंभरावर कड्या असतात. त्यांपैकीं एक तुटली तर बाकीच्या धड असूनही चाक फिरत नाहीं. नव्याण्णव कड्या शाबूत आहेत, असें म्हणून कोणी सायकलीवर बसत नाहीं; तो उतरून ती हातानें ढकलीत दुरुस्तीच्या दुकानाकडे नेतो. सायकलमार्गाचेंही तसेंच आहे. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेंत एकच चौक जीवघेणा असला, तर बाप मुलीस पाठवीत नाहीं. आणि मग उरलेली सुरक्षित वाट तिच्यापुरती नसल्यासारखीच होते. मार्ग किती लांब बांधला, हा हिशेब अभियंत्याचा. तो कोठें तुटतो, हा हिशेब आईबापांचा. योजनेचें यश या दुसऱ्या हिशेबावर अवलंबून असतें.

दुसरा प्रयत्न

पुणेंकरांनीं प्रयत्न सोडला नाहीं, हें त्यांचें श्रेय. 'परिसर' यांसारख्या संस्थांनीं पादचारी व सायकलस्वार यांचा पक्ष वर्षानुवर्षें मांडला. २०१६ सालीं महानगरपालिकेनें रस्ते कसे आंखावेत याविषयीं मार्गदर्शक नियम केले, आणि त्यानुसार जंगली महाराज रस्त्याची नवी रचना झाली: पदपथ रुंद झाले, बसावयास बांक आले, झाडें राखलीं गेलीं. हा तोच रस्ता, जो १९७० नंतरच्या दशकांत इतक्या चोख रीतीनें बांधला गेला कीं कित्येक वर्षें त्यावर खड्डा पडला नाहीं, म्हणून पुण्यांत त्याची कीर्ति झाली. उत्तम काम आपल्या शहरांत होत नाहीं, असें म्हणणाऱ्यांस हें एकच उदाहरण पुरे आहे.

डिसेंबर २०१७ मध्यें महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेनें संपूर्ण शहराचा सायकल-आराखडा मंजूर केला. त्यांत सुमारें ८२४ किलोमीटरांचें जाळें सुचविलें होतें, आणि २०३१ पर्यंत शहरांतील प्रवासांपैकीं चौथा हिस्सा सायकलीनें व्हावा असा उद्देश ठेविला होता. आराखड्यांतील महत्त्वाचा शब्द 'जाळें' हा होय. पूर्वीं तुकडे बांधले गेले. आतां ते एकमेकांस जोडावयाचे, ही बुद्धि त्यांत होती. साखळीचा विचार कागदावर तरी पूर्ण झाला.

त्याच महिन्यांत औंध भागांत भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली. मोबाइलच्या साहाय्यानें कुलूप उघडावें, अर्धा तास सायकल वापरावी व ठरलेल्या ठिकाणीं ठेवून जावें, अशी ती सोय. प्रथम उत्साह मोठा होता. निरनिराळ्या कंपन्या आल्या. पण लवकरच कोणी कुलपें तोडलीं, कोणी सायकली आपल्या आवारांत दडविल्या, कोणी त्या फेकून दिल्या. चीनची 'ओफो' ही कंपनी २०१८ सालीं भारतांतून परत गेली. इतरांनींही हळूहळू पाय मागें घेतला, आणि वर्ष-दीड वर्षांत त्या रंगीत सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. या अपयशाचें कारण केवळ लोकांची वृत्ति होती असें आम्ही म्हणत नाहीं. सायकल भाड्यानें मिळाली तरी ती चालवावयास सलग वाट नव्हतीच. तथापि जी वस्तु सर्वांची ती कोणाचीच नाहीं, ही समजूत आपल्यांत किती खोल रुजली आहे, तें यावरून दिसलें. शाळेच्या बांकावर नांव कोरणारा हात आणि त्या सायकलीचें कुलूप तोडणारा हात यांत फारसें अंतर नाहीं. हें प्रत्येकानें आपल्याशींच विचारून पाहावें.

२०२० च्या साथीच्या दिवसांत रस्ते ओस पडले, आणि घरोघरीं पडून असलेल्या सायकली पुन्हां बाहेर निघाल्या. केंद्र सरकारनें शहरांसाठीं सायकलीविषयीं एक स्पर्धा लावली. पुढील वर्षीं जीं ११ शहरें पुरस्कारास पात्र ठरलीं, त्यांत आपल्या राज्यांतील नागपूर व पिंपरी-चिंचवड हीं होतीं. 'सायकलींचें शहर' म्हणून नांवाजलेलें पुणें त्यांत नव्हतें. जुन्या कीर्तीवर नव्या परीक्षेंत गुण मिळत नाहींत, हें तुम्हां विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नको.

हॉलंडचें उदाहरण

हा अनुभव एकट्या पुण्याचा नाहीं. ज्या हॉलंड देशांत आज मुलें एकटीं सायकलीनें शाळेंत जातात, तेथेंही पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीं मोटारींनीं सायकलींस हांकून लाविलें होतें. १९७१ या एका वर्षीं त्या लहानशा देशांत रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांची ही हत्या थांबवा, अशा अर्थाचें नांवच त्यांनीं आपल्या चळवळीस दिलें. १९७३ सालीं खनिज तेलाची टंचाई झाली आणि सरकारलाही सायकलीची आठवण आली.

त्यांचाही पहिला प्रयत्न पुरता साधला नाहीं. टिलबर्ख व हेग या शहरांत प्रत्येकीं एक सुंदर, रुंद व खर्चिक सायकलमार्ग बांधण्यांत आला. त्या मार्गावर सायकली आल्या. पण शहरांतील एकंदर सायकलस्वारांची संख्या फारशी वाढली नाहीं. याचें कारण शोधल्यावर त्यांस कळलें कीं, प्रत्येकाचें घर व काम कांहीं त्या एकाच मार्गावर नसतें. मग डेल्फ्ट या शहरीं निराळा उपाय केला. तेथें १९८० नंतरच्या दशकांत भव्य मार्गाचा हव्यास सोडून तुटलेल्या जागा जोडण्यावर भर दिला. कोठें लहान पूल, कोठें बोगदा, कोठें गल्लीचें तोंड मोकळें. त्याचा परिणाम अधिक चांगला झाला. पुढें २००६ नंतर स्पेन देशांतील सेव्हिल शहरानें हाच धडा गिरविला आणि थोड्याच काळांत सुमारें ८० किलोमीटरांचें सलग जाळें एकदम बांधलें. जेथें सायकल जवळजवळ नव्हती तेथें ती नित्याची झाली. तात्पर्य, अपयश आलें हें लाजिरवाणें नाहीं. तें कोठें आलें हें न पाहतां तेंच पुन्हां करणें लाजिरवाणें आहे.

शहर आपल्या दारीं

कोणी म्हणेल, हें सारें पुण्याचें. मुळशीस त्याचें काय? त्यास उत्तर असें कीं, शहर आतां आपल्या दारीं आलें आहे. हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी आपल्याच तालुक्यांत उभी राहिली. २०२१ च्या जूनअखेर जीं २३ गांवें पुणें महानगरपालिकेंत गेलीं, त्यांत सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक हीं मुळशी तालुक्यांतील गांवें होतीं. ज्या मुळशीनें १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं धरणासाठीं जाणाऱ्या जमिनींकरितां सत्याग्रह केला, तीच मुळशी आज रस्त्यांच्या कडेनें बदलत आहे. भूगांव, पिरंगुट, पौड या वाटेवर एके काळीं बैलगाडी व सायकल सहज जात. आतां तेथें कारखान्यांचे ट्रक, बांधकामाचे डंपर आणि सुटीच्या दिवशीं ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या मोटारी यांची रीघ असते.

मोठीं कामें झालीं नाहींत असें नाहीं. चांदणी चौकांतील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरांत पाडला आणि नव्या पुलांची व रस्त्यांची रचना १२ ऑगस्ट २०२३ रोजीं खुली झाली. मोटारींची कोंडी हटावी म्हणून हें केलें, तें योग्यच झालें. पण उद्घाटनानंतर पायीं जाणाऱ्यानें हा चौक ओलांडावा कसा, हा प्रश्न वर्तमानपत्रांतून पुढें आला. मोटारीचा प्रश्न प्रथम सोडवावयाचा आणि माणसाचा मागाहून आठवावयाचा, ही संवय आपल्या हाडीं खिळली आहे.

मग २०२६ च्या जानेवारींत एक नवलाची गोष्ट घडली. १९ ते २३ या तारखांस 'पुणें ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल-शर्यत झाली. ४३७ किलोमीटरांच्या त्या शर्यतीचा मार्ग आपल्या मुळशी व मावळ भागांतूनही गेला. देशोदेशींचे सायकलपटू आले; त्यांच्यासाठीं रस्ते नव्यानें डांबरी केले, खड्डे बुजविले. हें सर्व अभिमानास्पद होतें. परंतु आमच्या मनांत एक विचार आल्यावांचून राहिला नाहीं. पांच दिवसांच्या पाहुण्यांसाठीं जर आम्ही रस्ता आरशासारखा करूं शकतों, तर वर्षांतील दोनशेंवर दिवस दप्तर घेऊन येणाऱ्या आपल्या मुलीसाठीं त्याची कडा चालण्याजोगी करूं शकत नाहीं काय? सामर्थ्य आहे, पैसा आहे, कौशल्यही आहे, हें त्या शर्यतीनें सिद्ध केलें. म्हणून आतां 'होणार नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार कोणास उरला नाहीं.

सायकल आणि शाळा

पालकहो, ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. चार किलोमीटर चालावयास जवळजवळ एक तास लागतो. सायकलीनें तेंच अंतर पंधरा-सोळा मिनिटांत संपतें. म्हणजे जातां-येतां रोज दीड तास वांचतो. हा दीड तास मुलीच्या हातीं राहिला तर ती घरचें काम करूनही अभ्यास करूं शकते; गेला, तर प्रथम अभ्यास जातो आणि मग शाळा. बिहार राज्यानें २००६ सालीं नववींतील मुलींस सायकलीसाठीं पैसे देण्यास आरंभ केला. त्याचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांस असें आढळलें कीं, माध्यमिक शाळेंत जाणाऱ्या मुलींची संख्या त्यामुळें जवळजवळ एक-तृतीयांशानें वाढली. आपल्या राज्यांतही मानव विकास कार्यक्रमाखालीं मागास तालुक्यांतील मुलींस सायकली दिल्या जातात. सायकल देणारा हात धन्य होय. पण तिला वाट देणारा हात नसेल, तर ती सायकल ओटीवर गंजत पडते.

आमच्या त्या विद्यार्थिनीचें पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करूं. तिच्या वडिलांशीं व त्याच गांवच्या आणखी तीन पालकांशीं आम्ही बोललों. डांबरी रस्त्यास टाळून शेतांतून येणारी एक जुनी पाणंद आहे. ती अर्ध्याहून अधिक अंतर वांचविते, असें त्यांनींच सांगितलें. दिवाळीनंतर पाणंद कोरडी झाली, तेव्हां पांच मुलें मिळून तीवरून येऊं लागलीं. जेथें पाणंद मोठ्या रस्त्यास मिळते, तेथें आळीपाळीनें एक पालक उभा राहातो आणि मुलांस ओलांडून देतो. मुलगी पुन्हां प्रार्थनेच्या वेळीं हजर असते. वर्गापुढें आम्हीं तिची क्षमा मागितली, आणि हजेरीपटावरील तिच्या नांवापुढचे उशिराचे शेरे खोडले.

तरीही काम पुरें झालें असें आम्ही समजत नाहीं. पाऊस पडला कीं पाणंदींत गुडघाभर चिखल होतो. तेथें मुरूम टाकावा आणि रस्त्याच्या मिलनस्थळीं वेग कमी करणारा उंचवटा करावा, असा अर्ज पालकांनीं ग्रामपंचायतीस दिला आहे. त्यावर निर्णय व्हावयाचा आहे. म्हणजे आमच्याही साखळींत दोन कड्या तुटलेल्या आहेत, आणि पुढचा पावसाळा दूर नाहीं. पण त्या कोणत्या, हें आतां आम्हांस ठाऊक आहे. मोठ्या शहराचा आराखडा असो किंवा खेड्यांतील पाणंद असो, आरंभ येथूनच होतो: स्वतः त्या वाटेनें जावें, ती कोठें तुटते तें पाहावें, आणि तेवढी जागा जोडून होईपर्यंत पाठ सोडूं नये.

विद्यार्थ्यांसाठीं प्रश्न

१. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. सायकल जेथें उतरून ढकलावी लागते किंवा जेथें भय वाटतें, त्या जागा तांबड्या शाईनें दाखवा.

२. ताशीं २० किलोमीटर व ताशीं ८० किलोमीटर या दोन वेगांनीं जाणाऱ्या समान वजनाच्या वस्तूंतील ऊर्जेचें प्रमाण काढा.

३. टिलबर्ख व डेल्फ्ट येथील उपायांत काय फरक होता, तो आपल्या शब्दांत लिहा.

४. भाड्यानें दिलेल्या सायकलींची योजना पुण्यांत कां टिकली नाहीं? तुमच्या मतें तिचीं दोन कारणें सांगा, आणि त्यांपैकीं कोणतें आपल्या शाळेंतही दिसतें तें प्रामाणिकपणें लिहा.

५. आपल्या आजी-आजोबांस त्यांच्या तरुणपणच्या सायकलीविषयीं विचारा व त्यांनीं सांगितलेली एक हकीकत लिहून आणा.